सतरा नंबरचा निरोप समारंभ

बार्शीत व्हिडिओ गेमच्या मशीनमधला कपॅसिटर तीस वर्षं भरली की निवृत्त होतो, आणि रीतसर निरोप समारंभ झाल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

कपॅसिटर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, बोराएवढा पत्र्याचा डबा. विजेचा घोट पोटात धरून ठेवायचा आणि बोर्डाला लागेल तसा सोडायचा, एवढंच त्याचं काम. काम बसल्या जागचं असल्यामुळे लोकांना ते सोपं वाटतं. तीस वर्षं बसून बघा म्हणजे कळेल. वय झालं की त्याचं डोकं फुगतं, बुडातून पाणी सुटतं आणि ते पाणी बोर्डाचं तांबं खायला लागतं. म्हणून निवृत्ती. तारीख सगळ्यांची एकच, ३१ मे. कारखान्यात नाव घालताना कुणाला जन्मतारीख विचारत बसायची सवड नव्हती, सरसकट १ जून लिहून मोकळे झाले. आपल्याकडे शाळेत गुरुजींनी तरी दुसरं काय केलं? अर्धा तालुका १ जूनचा आहे.

समारंभ न करता उपटला तर काय होतं, असं कुणीतरी विचारतंच. कुर्डुवाडीत एका शहाण्यानं तसं केलं होतं. त्या जागेवर नवा कपॅसिटर बसेना. सोल्डरचा टाका मारला की अंग टाकून आडवा व्हायचा. ते मशीन अजून तिथंच आहे, त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे.

कुंदा बोकेफोडे यांच्या हातून असलं काही कधी झालं नाही. भगवंताच्या देवळामागच्या बोळात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि बावीस वर्षांत त्यांनी दीडशेच्या वर कपॅसिटर सन्मानानं घरी पाठवले आहेत. त्यांचे समारंभ नावाजलेले. छापील पत्रिका, खणाच्या तुकड्याची शाल, नारळाऐवजी सुपारी, चार शब्द भाषण आणि मग निवृत्त होणाऱ्याचं मनोगत. एका समारंभात तर शेजारच्या टीव्हीतला ट्रान्सफॉर्मरसुद्धा गहिवरला होता. कुंदाताईंना याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा जास्तच होता.

त्यांच्या दुकानासमोरच विश्वंभर कथले यांचं व्हिडिओ गेम पार्लर. एके काळी तिथं नऊ मशीनं होती. मोबाइल आले आणि आठ भंगारात गेली. नववं, विमानाचं, राहिलं ते विश्वंभरच्या आईमुळे. आईला सगळा बोळ आक्का म्हणतो. चौऱ्याण्णव साली त्या मुलाचा डबा द्यायला खाली आल्या, पोरगं जेवेपर्यंत सहज दांडीवर हात ठेवला, आणि तो हात पुढं तीस वर्षं निघाला नाही. खेळाच्या तेविसाव्या पायरीपर्यंत त्यांचं विमान जायचं. चोविसाव्या पायरीवर एक लोखंडी राक्षस बसलेला असतो, त्यानं त्यांना कधी पुढं जाऊ दिलं नाही. त्याला त्या "तो भाड्या" म्हणत.

फेब्रुवारीत आक्कांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, पाय बऱ्यापैकी वाचला, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडेना. फिजिओथेरपीच्या डॉक्टर रेश्मा मुजावर यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आक्कांनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला.

"मी काय तान्हं बाळ हाय व्हय, चेंडू खेळाया?"

मग एक दिवस विश्वंभरनं त्यांना खाली आणलं आणि मिटलेली मूठ गेमच्या दांडीवर ठेवली. विमान पहिल्याच वळणाला आपटलं. आक्का एवढ्या चिडल्या की रोज यायला लागल्या. मे महिन्यापर्यंत तीन बोटं सुटली. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "हे औषध बंद करू नका. आणि खंड पडू देऊ नका. जूनअखेरपर्यंत बोटं परत वळली, तर मग ती वळलीच म्हणून समजा."

आता बघा, नेमकी ३१ मे आडवी आली.

विमानाच्या बोर्डावर अकरा कपॅसिटर होते, त्यांचे नंबर बोर्डावरच्या जागेप्रमाणे पार सतरापर्यंत, आणि अकराही त्याच दिवशी निवृत्त होत होते. कुंदाताईंनी दुपारी चार वाजता समारंभ ठेवला. टेबलावर धुतलेली चादर, तिच्यावर बोर्ड, बोर्डासमोर अकरा सुपाऱ्या. विश्वंभरनं भाषण केलं. ते मूळचं त्याच्या मेव्हण्याच्या निरोपासाठी लिहिलेलं होतं आणि मेव्हणा एसटीत होता, त्यामुळे "घाटातसुद्धा ज्यांनी कधी ब्रेकवर पाय ठेवला नाही" असं एक वाक्य त्यात राहून गेलं. पण कुणी वाईट वाटून घेतलं नाही. तीन नंबरनं मनोगतात सर्वांचे आभार मानले. नऊ नंबर बोलता बोलता रडला, ते कुंदाताईंनी कापसानं टिपलं. एकेकाला शाल घातली, एकेकाला उतरवलं आणि त्याच्या जागी नवा बसवला. दहा जण सुरळीत गेले. कुंदाताईंनी सोल्डरची गन सतरा नंबरकडे वळवली.

सतरा नंबर सगळ्यांत मोठा. वीज आत येते तिथं दारातच बसणारा.

"बाई, हात आवरा," तो म्हणाला. तीस वर्षं पार्लरमध्ये काढल्यामुळे त्याची बोली अस्सल बार्शीची झाली होती.

"काय झालं?"

"माझी तारीख चुकल्याली हाय. मी जूनचा न्हाईच. मी वसुबारसेचा. दिवाळीपत्तर मी हितनं हालत नसतो."

"अहो, पण कागदावर एक जून आहे."

"कागद तुमचा. जन्म माझा."

नियम असा आहे की जागेचा वाद लागला की निकालापर्यंत सगळा बोर्ड बंद राहतो. दहा नवे कपॅसिटर पोटात घोट धरून तयारीत बसले, पण दारातच वाद म्हटल्यावर आत वीज येणार कुठून? कुंदाताईंनी त्याचा अर्ज कपॅसिटरांच्या निवृत्ती कक्षाकडे पाठवला. कक्षाकडून पोच आली. पुढची तारीख एकोणीस जूनची मिळाली.

ते दिवस कुंदाताईंना फार जड गेले. पहिल्या आठवड्यात आक्का खिडकीतून ओरडून विचारायच्या, "कुंदे, झालं का गं?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडलं. कुंदाताई वर जाऊन बघून आल्या, तर आक्कांनी हात पदराखाली घेतला.

"दाखवा बघू," कुंदाताई म्हणाल्या.

"काय दाखवायचंय त्यात."

कुंदाताईंनी पदर बाजूला केला. सुटलेल्या तीन बोटांतलं एक पुन्हा आत गेलं होतं, दुसरं त्याच वाटेवर होतं. कुंदाताईंना रडू आलं. आक्काच त्यांना म्हणाल्या, "तू कशाला रडतीस? हात माझा हाय." पण बोलता बोलता त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

खाली आल्या आल्या कुंदाताईंनी सतरा नंबरला फैलावर घेतलं. "तुमच्या बुडातनं पाणी सुटलंय, कळतंय का? तांबं खाताय तुम्ही. तीस वर्षं ज्याला सांभाळलं तो बोर्ड तुमच्याच पायी जाईल. तिकडं आक्कांचा हात चाललाय."

"त्ये पाणी न्हाई," सतरा नंबर म्हणाला, "घाम हाय. काम करणाऱ्याला घाम येतोच."

"सध्या तुम्ही कामच करत नाही आहात."

आक्कांचा हात म्हटल्यावर त्याचं फुगलेलं डोकं जरा खाली बसलं, असं कुंदाताईंना वाटलं. पण विचारायला गेल्या तर पुन्हा तेच, वसुबारस.

एकोणीस जूनला सकाळी अकरा वाजता निवृत्ती कक्षाचे वरिष्ठ लिपिक श्री. उंबरदंड आले. सोबत भिंग, शिक्का आणि नमुना सात. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग खुर्ची पंख्याखाली घेतली, मग सतरा नंबरकडे बघून म्हणाले, "अर्जदार आपणच का?"

"व्हय."

"आपली जन्मतारीख वसुबारस आहे असं आपलं म्हणणं. पुरावा?"

"माझ्या लॉटमधलं कुणीबी सांगंल. कारखान्याच्या दारात पणत्या लावल्याल्या व्हत्या."

"पणत्या परदेशातल्या कारखान्यात?"

"मला जसं आठवतंय तसं सांगतोय साहेब."

उंबरदंडांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "आपण सेवेत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत तारीख दुरुस्तीचा अर्ज केला होता का?"

"तवा मला बोलता येत नव्हतं."

"ही अडचण बऱ्याच जणांची असते," उंबरदंड म्हणाले. "तरी नियम तो नियम. अर्ज नामंजूर." आणि त्यांनी शिक्का मारला.

विश्वंभर हात जोडून म्हणाला, "मग साहेब, आता काढता येईल ना?"

"निकाल तुमच्या बाजूनं लागला. पण त्यांनी मनानं निरोप घेतल्याशिवाय जागा सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुर्डुवाडीचं प्रकरण माझ्याकडेच होतं."

कुंदाताईंनी सवयीनं चहा टाकला. उंबरदंड चहा पिता पिता नमुना सातच्या मागच्या बाजूला काही तरी बघत होते. मग म्हणाले, "बाई, माझी नोकरी सव्वीस वर्षं झाली. जन्मतारखेचा वाद आजवर कुणी जन्मतारखेसाठी घातलेला मी पाहिला नाही. समारंभाची पत्रिका काढली होती का?"

"काढली होती की. छापील." कुंदाताईंनी कौतुकानं टेबलाच्या खणातून पत्रिका काढून दिली.

उंबरदंडांनी भिंग लावलं. "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष... आमचे येथील कपॅसिटर श्री. तीन नंबर, श्री. चार नंबर..." ते एकेक नाव बोट ठेवून वाचत गेले. दहावं नाव झालं. त्यांनी बोट तिथंच ठेवलं. "आणि हे काय? 'व इतर'?"

कुंदाताईंनी पत्रिका परत घेऊन स्वतः वाचून पाहिली.

"छापखान्यात दहाच ओळी बसत होत्या," कुंदाताई हळूच म्हणाल्या. "मी नंबरवारीनं घेतली. सतरा शेवटचा. म्हटलं, सगळ्यांना कळेलच की."

"म्हणजे जे दारात बसून सगळ्यांचा भार घेत होते, ते इतर."

कुंदाताईंनी हातातला कप खाली ठेवला. बावीस वर्षांत दीडशे समारंभ, आणि ही चूक! पत्रिकेत नाव नाही म्हणून सख्खे भाऊ लग्नाला येत नाहीत, चुलते जन्माचं बोलणं सोडतात, हे का त्यांना माहीत नव्हतं? त्यांच्या स्वतःच्या लग्नात आत्याचं नाव राहिलं होतं, ती आत्या मांडवाच्या दारापर्यंत येऊन परत गेली होती. कुंदाताई बोर्डासमोर गेल्या आणि पदर खोचून सरळ वाकून नमस्कार केला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावाची वेगळी पत्रिका आजच्या आज छापून आणते."

सतरा नंबर म्हणाला, "पंगत उठल्यावर पान मांडून काय उपेग, बाई? तीस वर्सं. एक दिवस खाडा न्हाई. बाहेर लाइट कमीजास्त झाली की समदा झटका मी अंगावर घ्यायचो, आतल्याला कळू बी द्यायचो न्हाई. आक्का पायरीच्या शेवटी दोन्ही बटणं एकदम दाबत्यात, तवा आतनं एकदम वढ बसती. ती वढ माज्यावर. आन मी इतर."

विश्वंभरला हुंदका फुटला. उंबरदंडांनी चष्मा पुसला आणि आपण कामावर आहोत हे आठवून परत लावला.

"रुसव्याला कायद्यात तरतूद नाही," ते म्हणाले, "पण रीत आहे. घरातल्या सगळ्यांत वडील माणसानं स्वतः येऊन आवतण द्यायचं, गंध लावायचं. त्यावर कुठल्याही घटकानं नाही म्हटल्याची नोंद माझ्याकडे नाही."

घरातलं वडील माणूस म्हणजे आक्का.

समारंभ दुसऱ्या दिवशी वीस जूनला चार वाजता ठरला. पत्रिकेवर एकच नाव, मोठ्या ठशात, भोवती वेलबुट्टी. आक्का साडेतीनलाच निघाल्या. विश्वंभर उचलून आणायला तयार होता, पण त्या म्हणाल्या, "आवतणाला कुणी खांद्यावर बसून जातंय व्हय?" जिना त्या बसत बसत उतरल्या, एकेक पायरी. बोळ ओलांडताना मधे दोनदा थांबल्या. दुकानात आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या, पण लुगडं चापूनचोपून नेसलेलं होतं.

त्या बोर्डासमोर बसल्या. "का रं बाबा," त्या म्हणाल्या, "माज्यावर बी रुसलास?"

"तुमच्यावर कशाला रुसू, आक्का?"

"मग झालं तर. चूक पोरीची झाली, ती कबूल हाय. तुजा मान मोठा. निरोपाला बस."

"तुमी म्हणत असाल तर बसतो."

कुंदाताईंनी गंधाची वाटी पुढं केली. आक्कांनी डावा हात वाटीत घातला.

"आक्का," सतरा नंबर म्हणाला, "राग मानू नगा. डाव्या हातानं कुणी गंध लावून घेतंय व्हय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलणं बरोबर होतं. शुभकार्य डाव्या हातानं होत नाही, हे उंबरदंडांनासुद्धा मान्य करावं लागलं. विश्वंभर तेवढा उसळला, "अरे, तिचा उजवा चालत न्हाई म्हणून तर हे सगळं..."

"तू गप," आक्का म्हणाल्या. "बरुबर बोलतोय त्यो."

त्यांनी मिटलेली उजवी मूठ टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसल्या. करंगळीशेजारचं बोट बाहेर यायला हवं होतं, गंध त्याच बोटानं लावतात. चार वाजून दहा मिनिटं झाली. आक्कांच्या कपाळाची शीर उठली. त्या बोटाला नावं ठेवायला लागल्या, आधी हळू, मग मोठ्यानं, आणि त्यात भाड्याचाही उद्धार झाला. कुंदाताई नुसत्या मनात भगवंताला हाका मारत होत्या. सतरा नंबर मधे एकदा म्हणाला, "सावकाश, आक्का. मी थांबलोय." चार वाजून पंचवीस मिनिटांनी बोट हललं. नखभर बाहेर आलं, थांबलं, परत जरा आलं. आक्कांनी ते तसंच गंधात बुडवलं आणि सतरा नंबरच्या फुगलेल्या डोक्यावर टेकवलं. गंध कपाळभर फासलं गेलं, पण लागलं.

विश्वंभरनं भाषण केलं, या वेळी स्वतःचं. दोनच वाक्यं बोलला आणि त्याला पुढचं सुचेना. मग मनोगत.

"मला फार बोलता येत न्हाई," सतरा नंबर म्हणाला. "ह्या नव्या पोराला तेवढं सांगून ठिवतो. आक्का दोन्ही बटणं एकदम दाबत्यात. भ्यायचं न्हाई. सगळा घोट एकदम सोडायचा न्हाई, निम्मा धरून ठिवायचा. काढा आता, बाई."

कुंदाताईंनी सोल्डर तापवला. सतरा नंबर लोण्यातून सुटावा तसा सुटला. खाली तांबं थोडं हिरवं पडलं होतं, ते त्यांनी घासलं, एक तार जोडली आणि नवा बसवला. नवा अर्ध्या आकाराचा होता आणि फार घाबरलेला, पण ताठ बसला. उंबरदंडांनी सही केली, सुपारी खाल्ली आणि पाचच्या एसटीनं गेले. सतरा नंबर सध्या नगरपालिकेच्या बागेत असतो. तिथं निवृत्त कपॅसिटरांसाठी कारंज्याजवळचा बाक राखून ठेवला आहे, सकाळचं ऊन चांगलं येतं.

साडेपाचला बोर्ड मशीनमध्ये गेला. पडदा उजळला, विमान आलं. आक्का पहिल्या पायरीवर सात वेळा मेल्या. आठव्यांदा दुसरी पायरी लागली. सहा वाजले, साडेसहा वाजले. त्या दुसऱ्या पायरीच्या शेवटाला पोचल्या होत्या, दोन्ही बटणं एकदम दाबायची घटका आली होती, आणि नेमकं तेव्हाच विश्वंभरनं मागून येऊन मशीनचं बटण बंद केलं.

"पुरे झालं आज," तो म्हणाला. "हात दमंल तुजा."

आक्का वळल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

विश्वंभरच्या लक्षात आलं की धपाटा डाव्या हाताचा नव्हता. त्यानं मागे पाहिलं. आक्का आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

विश्वंभर तसाच धावत, सदरा वर करून, बोळ ओलांडून डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात गेला. पेशंट बसलेले होते, त्यांनी त्याला आधी आत सोडलं. डॉक्टरांनी दिवा जवळ घेतला आणि पाठीवर उठलेली बोटं मोजली. दोनदा मोजली. मग आक्कांच्या फायलीत लिहिलं: चार बोटं स्पष्ट. अंगठा पुसट.

"उद्या परत दाखवायला या," त्या म्हणाल्या.

"येतो की," विश्वंभर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पाठ चांगलीच हुळहुळत होती. "मशीनचं बटण कधी बंद करू, संध्याकाळी की सकाळी?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि लिहून दिलं, दोन्ही वेळा, जेवणाआधी.